होय म्हणायचं, मावशी

केंद्राचं शटर अजून अर्धंच वर गेलंय, तोवर तीन बायका खाली वाकून आत शिरल्यासुद्धा. मी बाहेरच्या कट्ट्यावर वैनीशेजारी बसले आहे. २०२५च्या डिसेंबरचे शेवटचे दिवस. तासगाव तालुक्यातली थंडी शालीला दाद देत नाही. रस्त्यापलीकडे द्राक्षबागांवर धुकं इतकं खाली आलंय की मांडवाचे अँगल तेवढे दिसतात. वैनीने साडीवरून माझ्या चुलतभावाचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट चढवलाय. बागेत जाणाऱ्या बायकांचा हा गणवेशच. मांडीवर डब्याची पिशवी, आणि त्याच पिशवीत आधार कार्ड, रेशनकार्डाची झेरॉक्स, पासबुक. साडेआठला डिपिंगचा टेम्पो येईल. मग दिवसभर मान वर करून एकेक घड औषधाच्या मगात बुडवायचा आणि पुढं सरकायचं. साडेतीनशे रुपये रोजगार. टेम्पो चुकला की तो गेला.

"तुझा नंबर कितवा?" मी विचारते.

"पाचवा. काल अकरावा हुता, पन सर्वरच गेला."

३१ डिसेंबर ही शेवटची तारीख आहे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी त्याआधी उरकायची. गावात एवढं लांबलचक नाव कोणी घेत नाही. 'लाडकीचं' म्हणतात. लाडकीचं आलं, लाडकीचं अडकलं, भिशी लाडकीच्यातनं भरली.

केंद्र चालवणारा पोरगा पंचविशीचा असेल. तो आधी प्रिंटरला उदबत्ती ओवाळतो, मग कॉम्प्युटरला, मग अंगठा घ्यायच्या यंत्राला. एका केवायसीचे तीस रुपये घेतो. स्वतः ऑनलाइन केलं तर काहीच लागत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे आणि बायकांनाही. पण ते ऑनलाइन कसं करायचं हे ज्याला येतं, त्याचे ते तीस रुपये.

पहिला नंबर एका पन्नाशीच्या मावशींचा. आधारचा आकडा झाला, ओटीपी झाला. मग पोरगा पडद्यावरचं वाचतो, "घरातलं कोणी सरकारी नोकरीत कायम नाही, पेन्शन घेत नाही. होय का नाही?"

"न्हाई," मावशी ठणकावून सांगतात. "आमच्यात कोन सरकारी आसनार?"

"मग होय म्हणायचं, मावशी."

"आरं, कोन न्हाई म्हंते ना मी!"

"म्हणूनच होय."

मावशी मागं वळून रांगेकडं बघतात. पंच बोलवावा तसं त्यांचं तोंड झालंय. पोरगा खुर्ची वळवतो आणि सबुरीनं पुन्हा सुरू करतो. "कोण न्हाई, हे खरं हाय का?" "हाय." "मग होय." मागची एकजण पदर तोंडाला लावून हसते. "माझ्या जावंच्या पोरानं मोबाईलवर 'नाही' दाबलं बगा. आता कागदावर तिचा नवरा सरकारी नोकरीत लागलाय. त्यो म्हशी राखतोय!"

सगळ्या हसतात, मीही हसते. पण ती जाऊ हसत नसणार. अशा चुकांच्या दुरुस्तीला एकदाच मुभा आहे, आणि तीही याच तारखेपर्यंत. आयुष्यभर 'नाही' ऐकत आलेल्या बायकांना दुहेरी नकाराचं व्याकरण सोडवायला लावणारा तो जो कोणी असेल, त्याला मराठीत किती मार्क होते, हे मला एकदा बघायचंय.

मुळात हे छाननीचं काम फार उशिरा सुरू झालं. योजना जाहीर झाली २८ जून २०२४ला. महिना दीड हजार रुपये, वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत, दारात चारचाकी नको, ट्रॅक्टर चालेल. अंगणवाडीच्या ताईंनी रात्री जागून अर्ज भरले. ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या तोंडावर दोन महिन्यांचे तीन हजार एकदम जमा झाले. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती. तेव्हा कोणी कोणाला फारसं काही विचारलं नाही. निवडणूक सरल्यावर चाळणी बाहेर निघाली. २०२५ साली २६ लाखांवर खाती थांबवली गेली, त्यांत काही हजार चक्क पुरुष निघाले, आणि सप्टेंबरात ही ई-केवायसी आली. ओवाळणी म्हणून ताटात घातलेल्या पैशांचा हिशोब भावानं वर्षभरानं मागावा, तसलं काहीसं.

दुसरा नंबर दोन जावांचा आहे. दोघी एकदम पुढं होतात. एका कुटुंबात एक विवाहित, एक अविवाहित, असा नियम. थोरली सांगते, "आमी रेशनकार्ड फोडलंय. चूल येगळी दावलीया." धाकटी नुसती मान हलवते. दोघींच्या हातात एकच पिशवी आहे, एकाच डब्याची.

तेवढ्यात वैनीचा नंबर लागतो. मधल्या दोघी घरी परत गेल्यात, त्यांचे आधारला जोडलेले मोबाईल घरची पोरं शाळेत घेऊन गेलीत म्हणे. वैनी खुर्चीच्या अगदी कडेवर बसते. तिचा आधार, तिचा ओटीपी, सगळं सरळ होतं. मग पडदा विचारतो: पती किंवा वडील.

वडील वारलेत. पती, म्हणजे माझा चुलतभाऊ, तामिळनाडूत गलाईच्या दुकानात आहे. इकडच्या खानापूर, आटपाडी, तासगावच्या कितीतरी घरांतला पुरुष असा सोन्या-चांदीच्या भट्टीवर देशभर पांगलेला आहे. पोरगा त्याच्या आधारचा आकडा टाकतो आणि म्हणतो, "फोन लावा वैनी, गेला ओटीपी."

वैनी फोन लावते. वाजून वाजून बंद होतो. "भट्टीवर आसला की घेत न्हाईत," ती मला सांगते, पण बघते पोरग्याकडं. दुसऱ्यांदा लावते. रांगेतल्या बायका गप्प झाल्यात. तिसऱ्यांदा तो उचलतो आणि वैनी स्पीकर चालू करते.

"आला का?"

"काय आला?"

"आकडा. सहा आकडी आला आसंल बगा मोबाईलवर."

मागं कसलीतरी खडखड ऐकू येते. मग भाऊ म्हणतो, "आलाय. पन कुनाला सांगू नका म्हून लिवलंय की त्यात."

"कुनाला म्हंजे?" वैनीचा आवाज चढतो. "मी कोन हाय?"

रांगेत पुन्हा हशा पिकतो. भाऊ आकडा सांगतो, एकेक करून, मधेच दोन आकडे उलटे. पोरगा टाकतो. चुकला. पुन्हा पाठवायला काही वेळ थांबावं लागतं.

वैनीच्या नावावर आख्ख्या आयुष्यात दोनच गोष्टी झाल्या, असं ती मला काल रात्री भाकरी थापताना सांगत होती. एक बचत गटाचं पासबुक आणि एक हे लाडकीचं खातं. जमीन सासऱ्यांच्या नावावर, घर सासऱ्यांच्या नावावर, गॅस नवऱ्याच्या. पहिल्या तीन हजारांचं काय केलंस, असं मी विचारलं होतं. मला वाटलं होतं मुलीची फी म्हणेल, नाहीतर दवाखाना. ती उठली आणि मला मागं परसात घेऊन गेली. मोरीला दार लावलंय, पत्र्याचं, हिरव्या रंगाचं, आतून कडी. सोळा वर्षं तिथं जुनी साडी टांगलेली होती. आंघोळीला बसलं की एक हात साडीवर ठेवायचा, वारं आलं तर. "आता दोनी हातानं आंगूळ करते," ती म्हणाली आणि कडी दोनदा लावून दाखवली.

त्या कडीच्या पैशांची चावी आता तामिळनाडूतल्या एका मोबाईलमध्ये आहे. उत्पन्न कुटुंबाचं मोजायचं, म्हणून नवऱ्याचा नाहीतर बापाचा आधार तपासायचा, असं कारण दिलं जातं, आणि हिशोबाच्या वहीत ते बरोबरच आहे. पण पैसा बाईच्या हाती द्यायचा आणि तिची ओळख मात्र पुरुषाकडून पटवून घ्यायची, ही गाठ मला सुटत नाही. २०११-१२मध्ये इंदूरकडच्या आठ गावांत 'सेवा' संघटनेनं, युनिसेफच्या मदतीनं, याच्या उलट करून बघितलं होतं. गावातल्या प्रत्येकाला दरमहा पैसे. मोठ्याला २००, मुलाला १००, पुढं ३०० आणि १५०. मुलांचे आईच्या हाती. जमीनदार की मजूर, विधवा की सवाष्ण, दारू पितो की माळकरी, कोणी विचारायचं नाही. सहा हजारांवर माणसं होती. शेजारच्या बारा गावांना काही दिलं नाही, फरक मोजायचा होता म्हणून. लोक खाटा टाकून पडतील, दारूवर उडवतील, अशी भाकितं होती. तसं झालं नाही. ताटं सुधारली, शाळेतली हजेरी वाढली, शेळ्या-कोंबड्या घेतल्या गेल्या आणि दुसऱ्याच्या रानात राबणारे काहीजण स्वतःच्या कामाला लागले. २०१६-१७च्या केंद्राच्या आर्थिक पाहणी अहवालात या कल्पनेवर आख्खं प्रकरण होतं. माणशी वर्षाला ७,६२० रुपये असा आकडाही मांडलेला होता. पुढं त्यावर धूळ बसली. सरसकट देण्याची कल्पना मागं पडली आणि राज्याराज्यांत निवडून-निवडून देण्याची लाट आली.

दारात मोटरसायकल थांबते. बागायतदार आहेत, वैनीच्या टेम्पोचे धनी. खाली न उतरताच ते आत डोकावतात. "चला की गं बायांनो, घड थांबत न्हाईत." मग मला बघून जरा सौम्य होतात. पुण्याची पाहुणी. "काय सांगू ताई, हे फुकटचं चालू झाल्यापास्नं बायका गावत न्हाईत कामाला."

कट्ट्यावर त्या घटकेला अकरा बायका शर्ट चढवून, डबा घेऊन, त्यांच्याच टेम्पोची वाट बघत बसल्यात. मी काही बोलत नाही. माणूस वाईट नाही. बागेवर कर्ज आहे, दोन वर्षं पावसानं हाणलंय. पण त्यांच्या खात्यावरही शेतकरी म्हणून वर्षाला केंद्राचे सहा आणि राज्याचे सहा, असे बारा हजार येतात, आणि त्याला कोणी फुकटचं म्हणत नाही. त्या योजनांच्या नावातच 'सन्मान' आहे. पैसा सातबारावरून आला की सन्मान, चुलीवरून आला की फुकट. आणि एखाद्या बाईचं नाव खरंच सातबारावर असलं आणि तिला शेतकरी म्हणून ते महिना हजार मिळत असले, तर लाडकीतून तिला फक्त पाचशे मिळतात. सन्मान झाल्यावर लाड तेवढे कमी.

बायका गावत नाहीत यातही तथ्य आहेच थोडं. दीड हजार म्हणजे वैनीचे चार रोजगार. पोरगी तापली तर महिन्यातले चार दिवस ती घरी राहू शकते, किंवा साडेतीनशेच्या जागी चारशे माग म्हणू शकते. धन्याला हेच टोचतं, आणि माझ्या मते या पैशाचा खरा उपयोग तोच आहे. राहिलं फुकटचं, तर इंग्लंडातून अमेरिकेत गेलेल्या टॉमस पेननं १७९७ सालीच लिहून ठेवलं होतं की जमीन मुळात सगळ्यांची, ती थोड्यांच्या नावावर झाली, तेव्हा उरलेल्यांना नुकसानभरपाई द्या. एकविसावं वर्ष लागलं की प्रत्येकाला पंधरा पौंड, गरीब-श्रीमंत न बघता. आपल्या योजनेतही एकविसावंच वर्ष आहे. हा निव्वळ योगायोग, पण मला गंमत वाटते.

"आला, आला," वैनी ओरडते. नवा आकडा आलाय. या वेळी भाऊ शाळेतल्या पोरासारखा दमादमानं सांगतो. पोरगा टाकतो. पडदा गोल-गोल फिरतो. बायका वैनीच्या खांद्यावरून वाकल्यात. मग हिरवी पट्टी येते. झालं.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजतो. वैनी तीस रुपये टेबलावर ठेवते, डब्याची पिशवी उचलते, मला "पोळ्या दुरडीत हायत गं ताई" एवढं सांगते आणि पळते. पाठोपाठ कट्टा निम्मा रिकामा होतो. ज्यांचं झालं नाही त्यातल्याही बऱ्याच जातात. उद्या सकाळी पुन्हा.

राहतात दोघी. एक चाळिशीची बाई, जी मघापासून पाठीमागच्या भिंतीला टेकून उभी आहे, आणि एक आजी.

आजी लाडकीच्या नाहीतच. सत्तरी ओलांडलीय. पासष्टला नाव कटतं. त्यांना श्रावणबाळचे पैसे मिळतात, त्याला त्या 'पगार' म्हणतात. इकडं सगळेच म्हणतात. अंगठा लावून तो काढायला त्या आल्यात. पोरगा यंत्र पुढं सरकवतो. आजी अंगठा ठेवतात. यंत्र लाल होतं. पुन्हा ठेवतात, पुन्हा लाल. "आजी, केसाला घासा," पोरगा सांगतो. आजी पदर मागं सारून डोक्याच्या तेलकट केसांवर अंगठा दोन-चारदा घासतात. मी जवळून बघते. अंगठ्यावर रेषाच नाहीत. गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखा.

"खडी फोडली नव्हं," आजी मला समजावतात. "भात्तरला."

बहात्तरचा दुष्काळ. तेव्हा त्या सतरा-अठराच्या, नुकतं लग्न झालेल्या. रस्त्याच्या कामावर गेल्या. सुकडी खाल्ली. "खडीचा ढीग लावायचा, मुकादम यायचा, फूटपट्टीनं मोजायचा. आठवड्याला पैसं. तवा कुनाची बायको, कुनाची सून, इचारत न्हवते. ढीग बघायचे."

विसापूर याच तालुक्यातलं. तिथल्या वि. स. पागे यांनी साठच्या दशकात, विधान परिषदेचे सभापती असताना, 'मागेल त्याला काम' ही कल्पना आधी इथंच करून बघितली. दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ साली कायदा झाला, आणि या कामांसाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर त्याआधीच बसला होता. माझ्या पगारातून तो अजून कापला जातो, महिना दोनशे रुपये. ऑफिसात सगळे त्याच्या नावानं बोटं मोडतात. खडी फोडणं हा काही न्यायाचा आदर्श नव्हे. तान्ही पोरं उन्हात निजवून बायांनी दगड फोडले, हजेरीपटांवर खोटी नावंही चढली. पण त्या कायद्यात क्रियापद 'मागणे' हे होतं. काम मागायचं आणि सरकारनं ते द्यायचं, नाहीतर बेकारभत्ता द्यायचा. लाडकीत मागायचं काहीच नाही. मिळेपर्यंत मिळतं. २०२५च्या उन्हाळ्यात एका हप्त्यासाठी सामाजिक न्याय खात्याचे ४०० कोटींहून जास्त इकडं वळवले, तेव्हा त्या खात्याचे मंत्रीच जाहीरपणे कुरकुरले होते. एका न्यायाच्या ताटातलं उचलून दुसऱ्याच्या ताटात.

यंत्र चौथ्या वेळी हिरवं होतं. पोरगा गल्ल्यातून पाचशेच्या तीन नोटा काढतो. आजी त्या मोजतात, उलट्या करून पुन्हा मोजतात, घडी घालून कमरेच्या पिशवीत कोंबतात. दहा रुपये पोरग्यापुढं ठेवतात. पण उठत नाहीत. थोडं सरकून बाकड्यावर जागा करतात आणि भिंतीकडच्या बाईला हात करतात.

"ये. बस हितं."

ती येऊन बसते. प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढते. नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, घडीवर फाटत आलेला. वडील तर त्याच्याही आधी गेलेले. सुरुवातीला पडद्यावर अशा बाईला रकानाच नव्हता. पती किंवा वडील, तिसरं काही नाही. नंतर निर्णय झाला की विधवांनी, सोडलेल्यांनी कागद अंगणवाडीच्या ताईंकडं द्यायचे. अंगणवाडीच्या ताई आज तालुक्याला बैठकीला गेल्यात, हे तिला अंगणवाडीच्या कुलपानं सांगितलंय. म्हणून ती इथं आली.

"हिचं बघ," आजी सांगतात.

"आजी, यांचं इथं होत नाही."

"का? मानूस मेलाय तिचा. कागूद हाय की."

"कागद हाय. पण ओटीपी कुणाच्या मोबाईलवर जाणार?"

आजी विचार करतात. खरोखर विचार करतात, कपाळाला आठ्या घालून. मग कमरेच्या पिशवीतून स्वतःचा बटणांचा मोबाईल काढतात, लुगड्याच्या पदरानं पुसतात आणि टेबलावर, उदबत्तीच्या राखेशेजारी ठेवतात.

"माझ्यावर पाठीव."

पोरगा मोबाईलकडं बघतो, मग माझ्याकडं. बाहेर कोणीतरी शटर पूर्ण वर ढकलतं आणि ऊन एकदम आत येतं.